सूर्य नसलेल्या गावाची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी आपल्याशी एका खेळाविषयी बोलणार आहे. खेळ म्हटलं की मैदान डोळ्यांसमोर येतं, किंवा हल्ली मोबाइल. हा खेळ दोन्हीकडचा नाही. पाच-सहा जणांनी जेवणाच्या टेबलाभोवती बसायचं, कागद-पेन्सिल घ्यायची आणि गप्पा मारत खेळायचं. वयाच्या पासष्टीनंतर मला त्याचा नाद लागला आणि तो लावला माझ्या भाचीनं.

खेळाचं मूळ नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो रचला आणि १९७४ साली तो बाजारात आला. त्यात एक जण सूत्रधार असतो. तो एक काल्पनिक जग तयार करतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुमच्यासमोर एक बंद दार आहे. आतून खरवडल्याचा आवाज येतोय. काय करता?" मग ज्यानं त्यानं आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. एकच गोष्ट महिनोन् महिने चालली तर तिला मोहीम म्हणतात. लहानपणी आपण 'तू राजा, मी शिपाई' खेळायचो ना, तेच. फक्त नियमांचं पुस्तक जाडजूड.

गेल्या मे महिन्यात भाची म्हणाली, "मामा, या वेळची मोहीम तू रच. पण जग असं हवं, की जिथं सूर्यच नाही."

मी म्हटलं, हात्तिच्या! मी वीज खात्यात चौतीस वर्षं काढली. कोकणातल्या ज्या गावात वाढलो तिथं मी सातवीत असताना वीज आली. म्हणजे अंधारातच लहानाचा मोठा झालो आणि पुढे जन्मभर उजेड वाटण्याचं काम केलं. मला अंधाराचं काय कौतुक सांगता?

कल्पना तशी नवी नव्हती. खुद्द गायगॅक्सनं १९७८ साली जमिनीच्या पोटातल्या प्रवासाची मोहीम लिहिली होती. त्यातून पुढे 'अंडरडार्क' नावाचं भुयारांचं अख्खं विश्व उभं राहिलं. त्यात काळे पऱ्यांचे वंश आहेत, अक्राळविक्राळ प्राणी आहेत. पण मी पडलो इंजिनिअर. राक्षस कुठं ठेवायचे हे मला सुचेना. मला आधी सुचलं ते हे, की पुरवठा किती आणि मागणी किती? मी एक दोनशे पानी वही आणली आणि हिशेब मांडायला बसलो.

पहिला प्रश्न उबेचा. सूर्याकडून पृथ्वीला दर चौरस मीटरमागे सरासरी ३४० वॅट मिळतात. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता मोजली, तर ती चौरस मीटरला एक दशांश वॅटसुद्धा भरत नाही. म्हणजे सूर्य काढून घेतला, की शेवटी पृष्ठभागाचं तापमान उणे २०० अंशांच्याही खाली जाणार आणि हवाच गोठून जमिनीवर पडणार. तेव्हा वर राहण्याची बात नको. खाली जायचं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश तापमान वाढतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. २००१ मध्ये त्या बंद झाल्या. तिथं तळाशी खडक एवढा तापलेला असे, की वरून गार हवा सोडल्याशिवाय माणसाला काम करणं अशक्य. पण आपल्या गोठलेल्या जगात वरचाच थर उणे दोनशेच्या खाली. माझ्या हिशेबानं माणसाला सोसेल अशी ऊब मिळायला नऊ-दहा किलोमीटर खाली जावं लागत होतं. जिथं गरम पाण्याचे झरे असतील तिथंच काय ती ऊब थोडी वर मिळेल.

झरे म्हटल्यावर मला आमचं कोकण आठवलं. तुरळ, उन्हवरे, राजापूर. आमच्याकडे गरम पाण्याच्या कुंडांना 'उन्हाळे' म्हणतात. मी माझ्या शहराचं नाव तेच ठेवलं. ज्या जगात ऊनच नाही, तिथलं शहर उन्हाळे. सात कुंडांभोवती वसलेलं, तीन हजार वस्तीचं.

दुसरा प्रश्न पोटाचा. इथं मी एक सोपी युक्ती योजली होती. अंधारात काय उगवतं? अळिंबी, म्हणजे मशरूम. सगळ्या शहरानं अळिंबीची शेती करायची. पहिल्याच रविवारी भाचीच्या एका मैत्रिणीनं मला अडवलं. तिच्या घरी धिंगरी अळिंबीचा छोटा व्यवसाय आहे. ती म्हणाली, "मामा, अळिंबीला भुसा लागतो. गव्हाचा, भाताचा, सोयाबीनचा. तुमच्या गावात भुसा कुठून येणार? गहूच नाही तर काड कसलं?"

मी गप्प. बरोबरच होतं तिचं. अळिंबी स्वतः अन्न तयार करत नाही, दुसऱ्यानं केलेल्या अन्नावर वाढते. आपल्या ताटातल्या जवळजवळ प्रत्येक घासाच्या मुळाशी सूर्य आहे. भाकरीत आहे, दुधात आहे, मटणातही आहे.

उत्तर सापडलं ते समुद्राच्या तळाशी. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ 'आल्विन' नावाच्या पाणबुडीतून शास्त्रज्ञ सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरले. तिथं उन्हाचा किरण पोहोचत नाही. पण समुद्रतळातल्या गरम झऱ्यांभोवती त्यांना जिवांची दाटी दिसली. पुढे तिथल्या पुरुषभर उंचीच्या नळीसारख्या अळ्यांचा अभ्यास झाला. त्यांना तोंड नाही, आतडी नाहीत. त्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात आणि अळी त्यावर जगते. रुमानियात मोविले नावाची एक गुहा १९८६ मध्ये सापडली. लाखो वर्षं बंद असलेल्या त्या गुहेतही असंच, जिवाणूंच्या सायीवर पोसलेलं गणगोत आहे. तेव्हा माझ्या उन्हाळ्यातही कुंडांच्या कडेला जिवाणूंची साय धरते, ती साय आंधळे मासे खातात आणि मासे माणसं खातात. उरलेल्या गाळावर हवी तर अळिंबी करा.

प्राणवायूचा हिशेब मात्र काही केल्या जुळेना. झाड नाही तर प्राणवायू कुठला? समुद्रतळातल्या त्या अळ्यासुद्धा वरच्या झाडा-शेवाळांनी सोडलेलाच प्राणवायू वापरतात. शेवटी मी एक जादूचा दगड ठेवला. तो श्वास सोडतो. मुलांना सांगितलं, ही एकच थाप मी मारणार. बाकी सगळं वहीत बसलं पाहिजे. अशी मोहीम कोणाला रचायची असेल तर माझा हाच सल्ला आहे. थाप एकच मारा, पण ती आधी कबूल करा.

तिसरा प्रश्न उजेडाचा. मूळ खेळात अनेक पात्रांना अंधारात दिसतं. साठ फुटांपर्यंत, करड्या रंगांत. मी ते बंद केलं. सगळ्यांनाच अंधारात दिसायला लागलं, तर अंधाराला किंमत काय राहिली? खेळाच्या नियमांप्रमाणे एक मशाल तासभर जळते. वीस फूट लख्ख दिसतं, पुढचे वीस फूट अंधुक. हा नियम पुस्तकात असतो, पण एरवी तो कोणी पाळत नाही. आम्ही पाळला. टेबलावर माझं जुनं घड्याळ ठेवलं आणि तास संपला की मशाल संपली.

मग त्या जगातल्या दिव्यांत जळतं काय? लाकूड नाही, रॉकेल नाही. माशांची चरबी आहे. इथं मला माझी आजी आठवली. आमच्याकडे दिव्यात उंडीचं तेल असे. खोबरेल खाण्याचं, उंडीचं जाळण्याचं. खाण्याचं तेल दिव्यात घातलेलं तिला चालत नसे. सातच्या आत कंदिलाची काच राखेनं घासून लख्ख करायची. जेवणं आटोपली की वात खाली. "वाचायचं ते दिवसा वाचा" असं ती म्हणायची. माझ्या उन्हाळ्यात तिच्यासारखी सोय नव्हती. खाण्याचं आणि जाळण्याचं तेल एकच. म्हणजे पेटलेला प्रत्येक दिवा कोणाच्या तरी ताटातला घास जाळत होता.

मी वहीत आकडे लिहिले. सात कुंडांमधून रोज शंभर मापं चरबी. साठ मापं पोटाला, चाळीस दिव्यांना. त्यात गावाला दिवसाचे आठ तास उजेड मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, दिवसाचे म्हणजे कशाचे? दिवस आहेच कुठे? अगदी हाच प्रश्न मुलांनी विचारला आणि तो पूर्ण एक रविवार पुरला. आपल्या भाषेत सूर्य कुठं कुठं लपलाय हे तेव्हा कळलं. 'उजाडलं' म्हणता येईना. 'चांगले दिवस आले' म्हणता येईना. बाईला 'दिवस गेलेत' म्हणता येईना. एकीनं सुचवलं, 'पोटुशी' म्हणा, त्यात सूर्य नाही. उगवत आणि मावळत या दिशा गेल्या. त्याऐवजी मुलांनी 'उबेकडे' आणि 'गारव्याकडे' अशा दिशा केल्या. आणि एक जण म्हणाला, "पण मामा, ज्यांनी सूर्य पाहिलाच नाही ते 'अंधार आहे' असं म्हणतील का? त्यांच्यासाठी ते नुसतं घर असेल." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. त्यानंतर 'भयाण काळोख पसरला होता' असली वर्णनं मी बंद केली. पाणी कुठून ठिबकतंय, वारा कुठल्या गालाला लागतोय, गंधकाचा वास वाढला की कमी झाला, हे सांगू लागलो. मुलं जास्त सावध बसू लागली.

वेळ मोजायला मी घटिकापात्र आणलं. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी ते ठेवत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटं आणि साठ घटकांची एक अहोरात्र. माझ्या उन्हाळ्यात साठ घटकांना 'फेरा' म्हणतात. वीस घटका दिवे, चाळीस घटका काळोख. चौकात मोठं घटिकापात्र आणि त्यावर नेमलेला एक कारभारी. दिवेही त्याच्या ताब्यात आणि वेळही.

वेळ ज्याच्या हातात त्याच्या हातात किती असतं पाहा. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच संशोधक १९६२ साली घड्याळाशिवाय दोन महिने एका गुहेत राहिला. तो बाहेर आला तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर. त्याच्या हिशेबानं मात्र २० ऑगस्ट. दर सेकंदाला एक याप्रमाणे त्याला १२० पर्यंत मोजायला सांगितलं, तर त्याला पाच मिनिटं लागली. सूर्य काढून घेतला, की माणसाला शेजाऱ्याच्या वाटीवर विश्वास ठेवावा लागतो.

तर असा कारभारी मी खलनायक ठरवला. ढेरपोट्या, लबाड. कोठारात चरबीची पिंपं दडवलेली. मुलं दार फोडणार, त्याला हाणणार, पिंपं वाटणार, टाळ्या. शनिवारी रात्री मी शेवटचा हिशेब तपासायला बसलो आणि अडकलो. कथेला निमित्त म्हणून मी एक कुंड थंड पाडलं होतं. त्यामुळे उत्पन्न शंभराचं नव्वद झालं. साठ पोटाला गेल्यावर उरली तीस. आता यातून हा माणूस दडवणार काय? कितीही उलटसुलट केलं तरी पिंपं भरेनात. कारभाऱ्यानं एक थेंबही चोरला नाही, तरी गावाला दिवे पुरणार नव्हते.

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्या कारभाऱ्याला मी ओळखत होतो.

आपल्याला आठवत असेल, २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन होतं. खेड्यापाड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी होतो. कुठली लाइन किती वाजता बंद ठेवायची याचं वेळापत्रक वरून येई. पण अर्धा-एक तास इकडेतिकडे करणं आमच्या हातात असे. फेब्रुवारीत एका खेड्यातले गुरुजी ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, दहावीची पोरं आहेत. सात ते दहा वीज जाते. ती पहाटे घ्या, आमची तक्रार नाही." मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "वरून आलंय, माझ्या हातात नाही." हातात होतं. पण एका गावाचं बदललं तर उद्या दहा गावं येतील, आणि कोणाला का दिलं, कोणाला का नाही, याचं उत्तर देत बसावं लागेल, या भीतीनं मी तसं म्हटलं. गुरुजींनी चहा संपवला, नमस्कार केला आणि गेले. भांडले असते तर मी विसरलोही असतो.

तेव्हा पहाटे उठून मी कारभाऱ्याची ढेरी काढून टाकली. पिंपं रिकामी केली. त्याला एकच गुन्हा दिला. कुंड थंड पडलं हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. गावात दंगा होईल म्हणून त्यानं गुपचूप दोन वाट्या केल्या. दिवे लागले की मोठ्या भोकाची वाटी. ती अठरा मिनिटांत बुडते. दिवे मालवले की बारीक भोकाची. ती सत्तावीस मिनिटं घेते. वीस घटका उजेडाचे आठ तासांऐवजी सहाच तास झाले, चाळीस घटका काळोखाचे सोळाऐवजी अठरा. फेरा तेवढाच राहिला आणि चाळीस मापांचं काम तीस मापांत भागलं. गावातली माणसं नुसती म्हणत, हल्ली काम उरकत नाही बुवा, वय झालं.

हे मुलांना कळणार कसं? मी एक तान्हं बाळ ठेवलं. त्याची आई सांगते, की हे पूर्वी काळोखात दोनदा दूध मागायचं, आता तीनदा उठतं. अळिंबीवालीनंच ते पकडलं. ती म्हणाली, "बाळाचं पोट चुकत नाही. वाटी चुकतेय." त्या क्षणी तिचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही.

मुलं कोठारात शिरली. पिंपं रिकामी. कोपऱ्यात म्हातारा कारभारी वही मांडीवर घेऊन बसलेला. त्यानं वही पुढे केली आणि मी माझी खरी दोनशे पानी वही टेबलावर सरकवली. एकानं आधीच तलवारीचा फासा हातात घेतला होता. भाची म्हणाली, "थांब. याला मारून चरबी वाढणार आहे का?"

त्यानंतर दोन तास फासा कोणी टाकलाच नाही. मुलं भांडली. दिवे कमी करायचे की घास? सुईणीची खोली आधी की शाळा? एक जण म्हणाला, खोटी वाटीच चालू ठेवूया, लोक सुखात तरी आहेत. त्याच्यावर बाकीचे तुटून पडले. शेवटी ठरलं ते असं : वाटी पुन्हा एकच, चोवीस मिनिटांची. दिवे पंधरा घटका. सुईण, शाळा आणि कुंडांचे काठ यांना काळोखातही एकेक दिवा, त्यासाठी प्रत्येक घराच्या वाट्यातून थोडं तेल कापायचं. आणि चौकात एक फळा लावायचा. आज कुंडांतून किती आलं, कोणाला किती गेलं आणि का, हे रोज त्यावर लिहायचं. लिहिणार कोण? तर तो म्हातारा कारभारीच. त्याला हिशेब येतो ना!

मी वहीत पाहिलं. पंधरा घटका म्हणजे सहा तास. कारभारी देत होता तेवढाच उजेड मुलांनीही दिला होता. एक मिनिटही जास्त नाही. तरीही त्या संध्याकाळी टेबलावरचं गाव पहिल्यांदा शांत झोपलं.

नॉर्वेत रियूकान नावाचं एक गाव आहे. खोल दरीत. तिथं सप्टेंबर ते मार्च ऊन उतरत नाही. १९२८ मध्ये तिथं रोपवे बांधला, तो लोकांना डोंगरावर जाऊन ऊन पाहता यावं म्हणून. २०१३ साली डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून त्यांनी थोडं ऊन गावच्या चौकात पाडलं. कोणाच्या अंगणात नाही, चौकात. हे मी मुलांना नंतर सांगितलं. ती म्हणाली, आम्हीही तेच केलं की.

सगळे गेल्यावर भाची कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "मामा, भारनियमनाच्या वेळी तुझ्या ऑफिसबाहेर होता का रे असा फळा?"

मी म्हटलं, "वेळापत्रक लावलेलं असायचं. का, ते लिहिलेलं नसायचं."

तिनं कप पालथा घातला. म्हणाली, "मग पुढच्या रविवारी मी सूत्रधार होते. तू कारभारी हो."

तर पुढच्या रविवारी मी कारभारी आहे. वही तीच आहे, खडूची पेटी मात्र नवी आणली आहे. दुसरं एक कुंडही थंड पडायला लागलंय, असं कानावर आलंय.